घराचा सायरन रात्री उगाच वाजतो, तेव्हा काय काय तपासायचं

लक्षण असं असतं. सगळे घरात झोपलेत, अलार्म लावलेला आहे आणि पहाटे साडेतीन-चारला सायरन बोंबलतो. धडपडत उठून लाइट लावावी तर दार बंद, कडी जागेवर, खिडक्या जशाच्या तशा. दोन रात्री शांत जातात, तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. महिनाभरात घरातलं कोणीतरी वैतागून स्विच बंद करतं आणि त्यानंतर भिंतीवर नुसता डबा उरतो.

नाशिकमध्ये मी बरीच वर्षं अलार्म आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. चोरी झाल्यावर येणारे फोन त्या मानाने थोडे, पण त्यातल्या काही घरांत अलार्म होता आणि उगाच वाजतो म्हणून बंद करून ठेवला होता. अशा घरातून परत येताना फार वाईट वाटतं. म्हणून एवढंच मनापासून सांगतो, अलार्म बंद करू नका आणि सेन्सरची संवेदनशीलता डोळे झाकून कमीही करू नका. तो कशामुळे वाजतो ते शोधता येतं. कारण बहुतेक वेळा अगदी साधं निघतं.

मावशीच्या घरची गोष्ट

पाथर्डी फाट्याजवळ माझ्या मावशीचं रो-हाउस आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे हाच त्रास सुरू झाला. सिस्टीम दुसऱ्या कोणीतरी तीन-चार वर्षांपूर्वी बसवलेली. चार झोन, म्हणजे अलार्मला वेगवेगळे कळणारे चार भाग: पुढचं दार, मागचं दार, हॉलमधला पीआयआर (उष्णतेवरून हालचाल पकडणारा सेन्सर) आणि जिन्यातला पीआयआर. वाजायचा तो कायम हॉलचा झोन. मी गेलो आणि हॉलचा सेन्सर बदलून आलो. नवा, चांगल्या प्रतीचा. आठवड्याने मावशीचा फोन आला की पुन्हा वाजला. शेजारचे काका गेटवर भेटले तेव्हा सहज म्हणाले होते, ‘तुमचाच ना? वाजतोच तो.’ हे सांगताना तिचा आवाज उतरला होता. शेजाऱ्याला सायरनची सवय झाली, तर खरोखर कोणी शिरलं तरी बाहेर येऊन बघणार कोण?

सेन्सर बदलण्याची घाई ही माझी चूक होती. दुसऱ्या खेपेला मी कशाला हात लावला नाही. कीपॅडशेजारच्या (अलार्म लावायच्या-काढायच्या बटणांच्या पाटीशेजारच्या) खिळ्याला एक शाळेची वही आणि पेन बांधलं आणि मावशीला सांगितलं, वाजला की बंद करण्याआधी कीपॅडवरचा झोन बघ, मग वेळ लिही आणि त्या क्षणी घरात काय चाललं होतं तेही लिही, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. पुढच्या दहा-बारा दिवसांत तिने तीन नोंदी केल्या. त्यातली एक अशी होती: ‘३.५०. झोन ३. उकडून जाग आली होती, पंखा सुरू झाला आणि लगेच वाजला.’

पंखा सुरू झाला, म्हणजे गेलेली लाइट आली. बाकीच्या दोन्ही रात्री पाऊस-वारा होता आणि लाइट गेली होती, हे विचारल्यावर तिलाही आठवलं. मी माळ्यावर चढून पॅनेलचा, म्हणजे सगळ्या सेन्सरच्या तारा जिथे येतात त्या मुख्य यंत्राचा, डबा उघडला. आतली बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली होती, इतकी की डब्याच्या पत्र्यात अडकून बसली होती आणि हलवून हलवून काढावी लागली. लाइट चालू असताना मल्टिमीटरवर १३ च्या आसपास व्होल्ट दिसत होते, म्हणजे वरवर सगळं ठीक. मेन स्विच काढला, आकडा डोळ्यांदेखत नऊच्या खाली आला आणि पॅनेलवरचे दिवे विझले.

घडत होतं ते असं. लाइट गेली की बॅटरी पॅनेलला धरून ठेवू शकत नव्हती, त्यामुळे अख्खी सिस्टीम मरायची, आवाज न करता. लाइट आली की पॅनेल जागं व्हायचं आणि शेवटच्या स्थितीत, म्हणजे ‘लावलेला’ अशा स्थितीत यायचं. पीआयआर सेन्सरला मात्र वीज मिळाल्यावर स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट लागतं, आणि तेवढ्या वेळात त्याचा रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, उघडा राहू शकतो. पॅनेलला वाटायचं हॉलमध्ये कोणीतरी हललं. जिन्यातला सेन्सर जुना असूनही लवकर सावरायचा, हॉलचा उशिरा, म्हणून दर वेळी नाव हॉलचं. नवी बॅटरी टाकली आणि त्रास थांबला. पण मला जास्त घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने: गेले कित्येक महिने लाइट जाईल तेवढा वेळ त्या घराला अलार्मच नव्हता.

म्हणून पहिली तपासणी बॅटरीची

आपल्याकडे बहुतेक वायरवाल्या पॅनेलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर क्षमतेची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते. पॅनेल, कीपॅड आणि चार सेन्सर मिळून साधारण दोनशे मिलिअँपिअर खातात असं धरलं, तर कागदावर पस्तीस तास निघतात. प्रत्यक्षात एक दिवस गेला तरी चांगलं म्हणायचं. पॅनेल तिला १३.५ ते १३.८ व्होल्टवर कायम भरत ठेवतं, म्हणून चार्जर जोडलेला असताना घेतलेलं माप फसवं असतं. मेन बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग एकदा सायरन वाजवा आणि वाजत असतानाच व्होल्ट बघा. ११.५ च्या खाली गेलं तर बॅटरी बदला. फुगली असेल तर मापायचीही गरज नाही.

नाशिकच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून जास्त उकाडा साचतो. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला जवळपास निम्मं होतं. तेव्हा डबा माळ्यावरून खाली आणता आला तर आणा, जिन्याखालचं कपाट चालेल. बॅटरीवर मार्करने तारीख लिहा. तीन वर्षं झाली की चालत असली तरी बदला.

पीआयआर: नेमका कशाला फसतो

वहीत लाइट जाण्या-येण्याचा संबंध दिसत नसेल आणि एकच सेन्सर पुन्हा पुन्हा नाव लावत असेल, तर तो काय बघतो ते समजून घ्यावं लागतं. पीआयआर स्वतः काही किरण सोडत नाही, समोरून येणारी उष्णता तेवढी बघतो. पुढच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या भिंगाने खोलीचे पंख्यासारखे पसरलेले पट्टे पाडलेले असतात. भोवतालापेक्षा गरम किंवा थंड असलेली वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की तो चमकतो. म्हणूनच समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच.

आता नाशिकचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात बंद घरातली भिंत माणसाच्या अंगाइतकी तापते. फरक उरत नाही, सेन्सर मंद होतो. घरमालक म्हणतो, मी समोरून गेलो तरी वाजला नाही. कोणीतरी येऊन संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतं. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री दहा अंशांच्या खाली उतरतात, भिंती गार पडतात, आणि तोच सेन्सर आता मांजर, उंदीर, गिझरची गरम वाफ, काहीही पकडायला लागतो. उन्हाळ्यात केलेला बदल हिवाळ्यात बाधतो आणि दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. थंडीत सुरू झालेली तक्रार असेल तर सेन्सर उघडून आतला पल्स काउंटचा जंपर बघा (किती वेळा हालचाल दिसली की वाजायचं, ते ठरवणारी छोटी टोपी). एकवर असेल तर दोनवर करा, मग हॉलमधून आडवं चालून सेन्सरवरचा लाल दिवा लागतो का बघा. लागला तर तिथेच ठेवा. उन्हाळ्यासाठी तापमानानुसार स्वतःला सावरणारा सेन्सर घेणं हाच खरा उपाय.

पाल हे दुसरं मोठं कारण. चार मीटरवरची मांजर सेन्सरला छोटी दिसते, पण भिंगावरून सरकणारी पाल त्याला माणसाएवढी वाटते. कोळी आत शिरून जाळं करतो, मुंग्या घर करतात. मागची तार ज्या भोकातून आत येते ते भोक बसवताना उघडंच राहिलेलं असतं. सिलिकॉन भरून बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि एवढ्यानेच कायमचा बंद झालेला त्रास मी कितीतरी घरांत पाहिलाय.

नवरात्रात येणारे फोन वेगळेच. घटाजवळ अखंड दिवा असतो, रात्रभर तेवत, आणि सेन्सर नेमका देवघराच्या समोरच्या कोपऱ्यात. वाऱ्याच्या झुळकीने ज्योत आणि तिच्यावरची गरम हवा हलली की सेन्सर हालचाल मोजतो. गंगापूर रोडच्या एका घरात आजींनी मला स्पष्ट सांगितलं, दिवा हलणार नाही, तुझं यंत्र हलव. त्यांचं बरोबरच होतं. सेन्सर काढून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. जिथे हलवणं शक्य नसतं तिथे भिंगाच्या आतल्या बाजूने, देवघराकडे बघणाऱ्या पट्ट्यांवर अपारदर्शक टेपचा तुकडा लावायचा. बाकीची खोली दिसत राहते. गणपतीत सेन्सरसमोर टांगलेल्या झिरमिळ्या आणि पंख्याखाली फडफडणारा, ऊन खाल्लेला पडदा यांनाही हेच लागू.

काच हा गैरसमजाचा विषय आहे. खिडकीच्या काचेतून माणसाच्या अंगाची उष्णता आरपार येत नाही, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्या माणसामुळे साधा पीआयआर वाजत नाही. ऊन मात्र काचेतून येतं, फरशी तापवतं, आणि ढग सरकले की ती पटकन गार-गरम होते. दिवसा घर बंद असताना वाजतो तो यामुळे. सेन्सर खिडकीकडे तोंड करून कधीच लावू नये. याउलट पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (स्वतः लहरी सोडून हालचाल पकडणारा भाग) एकत्र असलेला सेन्सर घेतला असेल तर त्याचा मायक्रोवेव्ह भाग काच आणि प्लायवूड ओलांडून बाहेर बघतो. तिथे त्याचा पल्ला खोलीपुरता कमी करावा लागतो. दोन्ही भाग एकदम हो म्हणाले तरच तो वाजतो, म्हणून पाली-उंदरांच्या घरात तो साध्यापेक्षा बरा.

देवळाली, भगूरकडच्या घरांसाठी एक वेगळी सूचना. खिडकीच्या ग्रिलवर किंवा काचेवर कंपनाचे सेन्सर लावले असतील तर देवळालीच्या तोफखान्याचा सराव सुरू असताना ते वाजू शकतात. वहीतली वेळ आणि तोफेचा आवाज जुळला तर कारण मिळालं. तिथे कंपनाऐवजी चुंबकी सेन्सर बसवा.

दाराचा झोन

दाराचा सेन्सर म्हणजे चौकटीवर काचेच्या नळीतल्या दोन बारीक पात्या आणि दारावर एक चुंबक. चुंबक जवळ असला की पात्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. नेहमीच्या सेन्सरला साधारण दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचं अंतर चालतं. पावसाळ्यात सागवानी दार फुगतं आणि नीट बसत नाही, हिवाळ्यात आकसतं आणि कडीत खडखडतं. आधीच काठावर असलेलं अंतर वाऱ्याच्या झोताने ओलांडलं जातं. दार लावून, कडी घालून, हाताने जोरात हलवून बघा. कीपॅडवर झोन क्षणभर जरी उघडा दिसला तरी चुंबक जवळ घ्यायची वेळ आली आहे. अंतर एक सेंटिमीटरच्या आतच ठेवा.

लोखंडी सेफ्टी दारावर साधा सेन्सर थेट स्क्रूने बसवला असेल तर दोष तिथेच आहे. लोखंड चुंबकाची ताकद खाऊन टाकतं. खाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालून उचलून घ्या, नाहीतर धातूच्या दारासाठी मिळणारा मोठा सेन्सर वापरा. दुकानाच्या शटरला तर तोच हवा.

जोड आणि रेझिस्टर

कोणताही झोन, कोणतीही वेळ, काहीच जुळत नाही आणि पाऊस पडला की वाढतं, अशी वही दिसली की मी तारेचे जोड शोधतो. पिरगाळून टेप गुंडाळलेला जोड भिंतीच्या ओलीत हिरवा पडतो. सोल्डर करा, वर श्रिंक नळी घाला. अलार्मची तार विजेच्या तारेच्या पाइपातून नेलेली असेल तर ती वेगळी करा.

आणि एक रेझिस्टर. तार शाबूत आहे का ते पॅनेल याच्यावरून ओळखतं. पॅनेलच्या पुस्तिकेत दिलेल्या ओहम मूल्याचा हा छोटा रेझिस्टर झोनच्या शेवटी, म्हणजे सेन्सरच्या आत असायला हवा. वेळ वाचवायला तो पुष्कळ जण पॅनेलच्या डब्यातच लावून मोकळे होतात. तसा लावला की वाटेत कोणी दोन तारा एकमेकींना जोडल्या तर पॅनेलला काहीच कळत नाही, सगळं बंद आणि सुरक्षित असंच दिसत राहतं. पॅनेल उघडल्यावर आत रेझिस्टरांची रांग दिसली तर बसवणाऱ्याकडून ते सेन्सरपाशी हलवून घ्या.

सायरन वाजतो, फोन येत नाही

पुष्कळ पॅनेल अलार्म वाजला की आतल्या सिमवरून तुम्हाला फोन करतात. तो येत नसेल तर त्याची कारणं थोडी आहेत. पॅनेलमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला असतो, कारण ते सिम कोणाच्याच हातात नसतं. सिमला पिन लावलेली असते. किंवा पॅनेल टूजी असतं आणि त्यात जिओचं सिम घातलेलं असतं. जिओचं जाळं फोरजीपासून सुरू होतं, टूजी यंत्रात ते चालणारच नाही. आणि शेवटचं कारण तुमच्याच फोनमध्ये: रात्री फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर जातो आणि पॅनेलचा कॉल गप्प पडतो. पॅनेलचा नंबर नाव देऊन सेव्ह करा आणि फेव्हरिटमध्ये टाका.

अजून घ्यायचा असेल तर

बांधकाम चालू असलेल्या बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये आत्ताच पाइप टाकून घ्या आणि वायरवालाच बसवा. त्याचे दोष सापडतात. राहत्या फ्लॅटमध्ये वायरलेस सोयीचा, पण दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. सेन्सरची बॅटरी संपली किंवा सेन्सर काढून नेला तर पॅनेल मला सांगेल का? आणि रिमोटचा कोड दर वेळी बदलतो का? स्वस्त वायरलेस संच एकदाच सिग्नल पाठवून गप्प बसतात, सेन्सर मेला तरी पॅनेल हिरवंच राहतं, आणि न बदलणारा कोड हवेतून उचलून, पुन्हा पाठवून अलार्म बंद करता येतो. जुन्या नाशकातल्या जाड भिंतींच्या वाड्यात वायरलेस घ्यायचाच असेल तर विकत घेण्याआधी शेवटच्या खोलीत सेन्सर नेऊन, सगळी दारं लावून, सिग्नल पोहोचतो का ते बघा.

सेन्सर किती? चोर जिथून येईल ती दारं आणि खालच्या खिडक्या आधी, हालचालीचे सेन्सर नंतर. पीआयआर जमिनीपासून २.१ ते २.४ मीटर उंचीवर, कोपऱ्यात, येणारा माणूस आडवा जाईल असा. घरात माणसं झोपलेली असताना फक्त दारं आणि खालचा हॉल जागा राहील अशी ‘रात्र’ स्थिती पॅनेलमध्ये असते. ती शिकून घ्या, घरातल्या प्रत्येकाला शिकवा, आजी-आजोबांना आधी. पाणी प्यायला उठलेल्या आजोबांनी वाजवलेले सायरनही वहीत पुष्कळ सापडतात. सायरनची वेळ तीन ते पाच मिनिटांवर ठेवा. तासभर ओरडणाऱ्या सायरनने गल्लीच तुमच्या विरोधात जाते.

मावशीकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला चाचणी होते. ती आधी शेजारच्या काकांना फोन करते, मेन बंद करते, अलार्म लावते आणि मागचं दार उघडते. काका आपल्या ओट्यावरून ऐकतात आणि हात वर करतात. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने एक कागद चिकटवलाय: तिचा नंबर, माझा नंबर आणि ११२. खाली लिहिलंय, ‘रविवार अकरा सोडून कधीही वाजला तर खरा समजा.’